जुनं स्नायूचं दुखणं : मसाज थेरपिस्ट कसा पारखायचा

पळताना मांडीच्या मागे चमक येते, जड वस्तू उचलताना खांद्यात काहीतरी सटकल्यासारखं वाटतं, उडी मारताना पोटरीत कळ येते. चार-सहा आठवडे जपून वागलं की बरं वाटतं आणि आपण विसरून जातो. मग कधीतरी, वर्षा-दोन वर्षांनी, तीच जागा पुन्हा कुरकुर करू लागते. जिना चढताना ओढ लागते, फार वेळ बसून उठलं की पहिली काही पावलं अवघडल्यासारखी पडतात. तपासणीत मोडलंय-तुटलंय असं काही दिसत नाही, गोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि कुणीतरी हमखास सांगतं, ‘एकदा मसाज करून घे, मोकळं होईल.’

सल्ला वाईट नाही, पण मसाज कुणाकडून करून घ्यायचा हे सांगणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. बहुतेक लोक दोनच गोष्टी बघतात. हाताला जोर आहे का, आणि ओळखीतल्या कुणाला गुण आला का. नुसता थकवा घालवायचा असेल तर एवढ्यावर भागतं. जुन्या दुखापतीला मात्र या दोन्ही कसोट्या कुचकामी आहेत. माझ्या मते अशा वेळी थेरपिस्टची खरी परीक्षा त्याने अंगाला हात लावण्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत होते. तो काय विचारतो, काय हलवून बघतो, आणि ‘हे माझं काम नाही’ असं म्हणायची त्याची तयारी आहे का, यावर बाकी सगळं ठरतं. हे पटायला आधी त्या जुन्या जागी आत काय झालेलं असतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

जुनी जागा म्हणजे नेमकं काय

स्नायूला ताण असह्य झाला की त्याचे तंतू फाटतात. डॉक्टर याच्या साधारण तीन पायऱ्या मानतात. पहिलीत मोजके तंतू दुखावतात, दुसरीत स्नायू अर्धवट फाटतो, तिसरीत पूर्ण तुटतो. फाटण्याची आवडती जागा म्हणजे स्नायू जिथे कंडऱ्याला, म्हणजे हाडाकडे जाणाऱ्या चिवट दोरीला, मिळतो तो जोड. दुखरी जागा दाखवताना माणूस बहुधा मांडीच्या मधोमध बोट न ठेवता थोडं वर किंवा खाली ठेवतो, ते यामुळेच.

फाटल्यावर शरीर लगेच दुरुस्तीला लागतं. पहिले काही दिवस सूज आणि सफाई चालते. मग स्नायूच्या कडेला निपचित बसलेल्या काही खास पेशी जाग्या होतात. १९६१ साली अलेक्झांडर मौरो या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पहिल्यांदा टिपल्या आणि त्यांना सॅटेलाइट पेशी हे नाव पडलं. या पेशी नवे तंतू घडवतात. त्याच वेळी फाटलेली भेग बुजवायला कोलॅजनचा, म्हणजे एका तंतुमय प्रथिनाचा, वण तयार होत असतो. सुरुवातीचं कोलॅजन कच्चं आणि अस्ताव्यस्त असतं. पुढच्या काही महिन्यांत त्याची जागा पक्कं कोलॅजन घेतं आणि ज्या दिशेने रोजचा ताण पडतो त्या दिशेने ते रचलं जातं. ताणच पडला नाही, म्हणजे माणूस घाबरून पाय जपतच राहिला, तर ही रचना नीट होत नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वीची जखम ‘अजून भरली नाही’ असं सहसा नसतं. ती भरलेली असते. उरतात तीन गोष्टी. एक, वणाचा तो भाग आजूबाजूच्या स्नायूइतका लवचीक नसतो आणि तो स्नायू अनेकदा दुसऱ्या बाजूपेक्षा अशक्त राहिलेला असतो. दोन, शरीराने लंगडायची सवय लावून घेतलेली असते. उजवी मांडी दुखली म्हणून भार डावीकडे, कमरेवर, नितंबावर गेला आणि मूळ कारण संपल्यावरही तो तिथेच राहिला. तिसरी गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते. मज्जासंस्था त्या जागेबद्दल हळवी झालेली असते. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतं, आणि अशा दुखण्यात वेदनेची तीव्रता आणि प्रत्यक्ष इजा यांचा हिशेब जुळेलच असं नाही. साध्या दाबानेही ती जागा ओरडते.

आणखी एक शक्यता असते, आणि ती सगळ्यांत जास्त निसटते. दुखणं त्या स्नायूचं नसेलच. मांडीच्या मागची ओढ कमरेतून निघणाऱ्या मज्जातंतूची असू शकते, खांद्याच्या पात्यामागची ठसठस मानेतून येत असू शकते. जुनी दुखापत आठवते म्हणून आपण दोष तिच्यावर टाकतो. थेरपिस्टनेही तो तसाच मान्य केला, तर महिनोन्महिने चुकीच्या जागेला तेल लागत राहतं.

मसाजने काय होतं, काय होत नाही

या धंद्यात दंतकथा भरपूर आहेत. ‘मसाजने लॅक्टिक अॅसिड निघून जातं’ ही त्यातली सगळ्यात चिवट. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट शरीर स्वतःच साधारण तासाभरात पूर्वपदाला आणतं. दोन वर्षं जुन्या दुखण्यात ते साचून बसलेलं असण्याचा प्रश्नच नाही. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये हाताच्या मुठीच्या व्यायामानंतर हे तपासून पाहिलं, तेव्हा मसाजच्या दाबाने रक्तप्रवाह आणि लॅक्टेटचा निचरा उलट अडल्याचं दिसलं.

दुसरी दंतकथा ‘आतला वण फोडून काढतो’ ही. ऐकायला ठाम वाटते, म्हणून लोकांना आवडते. पण पक्का झालेला वण आणि स्नायूवरचं जाड आवरण फार चिवट असतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिती प्रारूप मांडून हिशेब केला, की मांडीच्या बाहेरच्या बाजूचं किंवा तळपायाचं आवरण हाताने दाबून एक टक्क्याने जरी बदलायचं असेल तरी किती बळ लागेल. उत्तर माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं निघालं. तरीही मसाजनंतर जागा सैल वाटते, आणि ते वाटणं खरं असतं. फक्त त्याचं श्रेय फुटलेल्या वणाला न देता मज्जासंस्थेला द्यायला हवं. स्पर्शाने आणि दाबाने धोक्याचा इशारा मंदावतो, स्नायू आपली पकड सोडतो, हालचालीची भीती कमी होते.

पेशींच्या पातळीवर काहीच होत नाही असंही नाही. कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१२ मधला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. ११ तरुण पुरुषांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच मांडीला दहा मिनिटं मसाज केला आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तुलना केली. मसाज केलेल्या बाजूला दाह वाढवणारे संकेत कमी होते आणि पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांशी संबंधित संकेत वाढलेले होते. लॅक्टेटमध्ये मात्र फरक नव्हता. अभ्यास छोटा, तोही ताज्या थकव्यावरचा. जुन्या दुखापतीचा पुरावा म्हणून तो कुणी पुढे केला तर भुवया उंचावाव्यात.

‘गाठीं’चंही तसंच. स्नायूत दुखरे बिंदू असतात आणि ते दाबल्यावर वेदना दूरवर जाते, हा विचार डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी रुजवला. त्या अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर होत्या. दुखरे बिंदू असतात हे कुणीही स्वतःच्या मानेवर बोट दाबून अनुभवू शकतो. पण ते नेमके काय आहेत यावर अजून एकमत नाही, आणि दोन तपासनिसांना एकाच माणसाच्या अंगावर एकाच ठिकाणी ते सापडतात का, हे तपासलं तेव्हा निकाल फारसे भरवशाचे आले नाहीत. म्हणून ‘तुमच्या पाठीत सतरा गाठी आहेत’ असं छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा ‘इथे दाबल्यावर तुमचं नेहमीचं दुखणं उमटतं का?’ असं विचारणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

या सगळ्याचा अर्थ असा, की चांगला मसाज दुखणं काही तासांसाठी किंवा काही दिवसांसाठी उतरवतो आणि हालचाल सोपी करतो. या मोकळ्या वेळात स्नायूला हळूहळू वाढता भार दिला तर त्याची ताकद परत येते. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, घोटे कुणीतरी धरायचे आणि शरीर ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. खेळाडूंवरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात या व्यायामाने मांडीच्या मागच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. एवढा स्पष्ट निकाल मसाजच्या वाट्याला आलेला नाही. जुन्या दुखापतीसाठी मसाज करणारा व्यायामाबद्दल चकार शब्द काढत नसेल, तर तो अर्धंच काम करतोय.

आधी डॉक्टर कधी

काही लक्षणांत मसाज टेबलावर चढण्याआधी डॉक्टरकडेच जायला हवं. एका पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, लालसर झाली आहे, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळणं धोक्याचं आहे, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा वाढत चाललाय, मांड्यांच्या मधल्या भागात संवेदना कमी झाल्यात, लघवी-शौचावरचा ताबा बिघडलाय, तर तो त्याच दिवशी इस्पितळात जायचा मामला आहे. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कारण नसताना उतरलेलं वजन, ताप, पूर्वी झालेला कर्करोग, हेही डॉक्टरला आधी कळायला हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ असतील, गरोदरपण असेल, तर मसाज होऊ शकतो, पण करणाऱ्याला ते ठाऊक हवं.

एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. मांडीवर जोराचा मुका मार बसला आणि आत रक्त साकळलं, तर कधी कधी त्या स्नायूत चक्क हाड तयार होतं. पहिल्या दिवसांत तिथे रगडल्याने हा धोका वाढतो असं मानलं जातं. माराच्या जागी कडक, न हलणारा गोळा लागत असेल तर तो ‘फोडायला’ कुणाच्या हाती देऊ नये. आधी एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून घ्यावी.

पाटीवरची अक्षरं

थेरपिस्ट शोधायला लागलं की वेगवेगळ्या पाट्या दिसतात. मसाज थेरपिस्ट, स्पोर्ट्स मसाज, डीप टिश्यू स्पेशालिस्ट, बॉडीवर्क, फिजिओथेरपिस्ट. यातला फिजिओथेरपिस्ट हा शब्द बऱ्याच देशांत कायद्याने राखलेला आहे. पदवी आणि नोंदणीशिवाय तो लावता येत नाही. त्याला तपासणी आणि व्यायामयोजना दोन्ही शिकवलेलं असतं, म्हणून दुखण्याचं मूळ कुठे आहे तेच कळत नसेल तेव्हा सुरुवात त्याच्याकडून करणं शहाणपणाचं. मूळ कळलं, आता हाताने नियमित काम करणारा हवा, तर चांगला मसाज थेरपिस्ट पुरतो. अनेकदा त्याच्याकडे वेळही जास्त असतो.

‘मसाज थेरपिस्ट’ या पाटीमागे काय आहे हे मात्र देशागणिक बदलतं. कॅनडाच्या ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतांत हा डॉक्टर-परिचारिकांसारखा कायद्याने नियंत्रित व्यवसाय आहे. तिथे नियामक संस्थेच्या यादीत नाव असल्याशिवाय ‘रजिस्टर्ड मसाज थेरपिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यं परवाना देतात, पण प्रशिक्षणाच्या तासांची अट सारखी नाही. न्यूयॉर्क राज्य किमान १,००० तास मागतं, तर बऱ्याच राज्यांत ५०० ते ७५० तासांवर भागतं. ब्रिटनमध्ये मसाजसाठी देशभर लागू असा कायदेशीर परवाना नाही. तिथे कॉम्प्लिमेंटरी अँड नॅचरल हेल्थकेअर कौन्सिल या संस्थेची ऐच्छिक नोंदवही आहे. भारतात २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने फिजिओथेरपीला आपल्या कक्षेत घेतलं आहे.

कुठेही असलात तरी करायचं काम एकच. आपल्या भागात नोंदणी किंवा परवाना आहे का ते शोधायचं, आणि असेल तर भिंतीवर टांगलेल्या चौकटीवर न थांबता नियामक संस्थेच्या यादीत त्या माणसाचं नाव स्वतः बघायचं. अशा याद्या बहुधा सगळ्यांसाठी खुल्या असतात. परवाना चालू आहे की संपला, शिस्तभंगाची कारवाई झाली का, हेही काही ठिकाणी तिथेच कळतं. नोंदणीची पद्धतच नसेल, तर प्रशिक्षण कुठे झालं, किती तासांचं, त्यात शरीररचना आणि प्रत्यक्ष रुग्णांवरचा सराव किती, हे थेट विचारायचं. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र आणि दीड-दोन वर्षांचा अभ्यासक्रम यांची चौकट भिंतीवर सारखीच दिसते.

परवाना म्हणजे किमान पात्रता. त्याने माणूस धोकादायक नाही एवढं बऱ्यापैकी कळतं. तो जुन्या दुखापतीत चांगला आहे का, ते परवान्यावर लिहिलेलं नसतं.

फोनवरचे प्रश्न

वेळ ठरवण्याआधी फोन करावा. संकोच वाटतो, पण चांगल्या थेरपिस्टला असे फोन आवडतात. ‘माझ्या उजव्या मांडीच्या मागे दोन वर्षांपूर्वी स्नायू फाटला होता, अजून ओढ लागते. अशा केसेस तुम्ही बघता का? पहिल्या भेटीत काय करता?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. पुढचं बोलणं त्याला करू द्यायचं.

‘या, एका बैठकीत मोकळं करून टाकतो’ हे एक उत्तर. ‘त्या वेळी कुणी तपासलं होतं का? सोनोग्राफी किंवा एमआरआय असेल तर घेऊन या. पहिल्या वेळी तपासण्यात थोडा वेळ जाईल, मसाज त्या मानाने कमी होईल’ हे दुसरं. दुसरं उत्तर देणारा माणूस तुमचा मसाजचा वेळ कापतोय असं वाटेल. तरीही त्याच्याकडेच जावं. ‘डॉक्टरांशी किंवा फिजिओशी बोलून काम करता का?’ आणि ‘साधारण किती बैठकींत फरक दिसावा?’ हेही विचारून घ्यावं. आकडा महत्त्वाचा नाही. तो सांगण्याआधी ‘बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही’ असं म्हणतो का, ते ऐकावं. आणि दहा-वीस बैठकींचं पॅकेज आगाऊ घ्यायची गळ घातली, तर फोन नम्रपणे ठेवावा.

पहिली भेट, टेबलावर चढेपर्यंत

जाणकार माणूस कसा काम करतो ते जवळून बघू. मांडीच्या मागच्या दुखापतीचंच उदाहरण घेऊ.

आधी फॉर्म. त्यात आजार, औषधं, शस्त्रक्रिया. फॉर्म भरून घेऊन बाजूला ठेवणं आणि वाचून त्यावर प्रश्न विचारणं, यात फरक आहे. ‘रक्तदाबाची गोळी लिहिलीत, रक्त पातळ करायची एखादी आहे का?’ असा प्रश्न आला की समजावं, फॉर्म वाचलाय.

मग दुखापतीची हकीकत. त्या दिवशी काय करत होता? काळं-निळं पडलं होतं का? दुसऱ्या दिवशी चालता येत होतं का? त्यानंतर किती वेळा तसंच झालं? सध्या कशाने वाढतं, पळण्याने की बसण्याने? हा शेवटचा प्रश्न कळीचा आहे. स्नायूची जुनी दुखापत सहसा पळताना, लांब ढांग टाकताना बोलते. बसल्याने वाढणारं दुखणं बैठकीच्या हाडाजवळचं किंवा कमरेकडून येणारं असण्याची शक्यता जास्त.

मग उभं करून बघणं. वाकायला सांगणं, एका पायावर उभं राहायला सांगणं. नंतर पाठीवर झोपवून एकेक पाय गुडघा सरळ ठेवून वर उचलणं, आधी चांगला, मग दुखरा. ‘कुठे ओढ लागते? बोटाने दाखवा.’ आणि एक अगदी साधी पण हुशार चाचणी. तुम्हाला टेबलाच्या कडेला पाय सोडून, पाठ थोडी वाकवून बसवतात, हनुवटी छातीला लावायला सांगतात आणि गुडघा सरळ करायला लावतात. मांडीमागे ओढ येते. आता फक्त मान वर करायची. मांडीतली ओढ एकदम कमी झाली, तर संशय मज्जातंतूकडे जातो. मान वर केल्याने मांडीच्या स्नायूची लांबी बदलत नाही, मज्जासंस्थेवरचा ताण मात्र बदलतो. दीड मिनिटाची तपासणी, पण तिच्यावर पुढचे दोन महिने चोळणं योग्य दिशेने जाणार की वाया, ते ठरतं. हे करणारा मसाज थेरपिस्ट सापडला तर त्याला सोडू नका.

या सगळ्यातून त्याने दोन-तीन मोजमापं टिपून ठेवलेली असतात. पाय किती वर गेला, कुठे दुखलं, दहापैकी किती. मसाज झाल्यावर तो तेच पुन्हा करून बघतो. त्याच कोनात दुखणं सहावरून तीनवर आलं, की तुम्हालाही काहीतरी हाती लागल्याचं कळतं. फरक पडला नाही, तर तेही कळतं, आणि प्रामाणिक माणूस ते तोंडावर सांगतो.

प्रत्यक्ष मसाजबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पद्धतींची नावं बरीच आहेत. दुखऱ्या जागेवर आडवं घर्षण देण्याची पद्धत ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरियाक्स यांनी प्रचारात आणली, ती अजून वापरली जाते. लांब सरकते हात, मळल्यासारखा दाब, एका जागी धरून ठेवलेला दाब, यांतलं कोणतं वापरलं यापेक्षा ते तुम्हाला सोसतंय का, याला जास्त महत्त्व आहे. दहाच्या मोजपट्टीवर सहा-सातच्या वर दाब जाऊ नये. श्वास रोखला जातोय, मुठी आवळल्या जातायत, म्हणजे दाब जास्त आहे. स्नायू तेव्हा सैल न होता स्वतःला वाचवायला आवळतो. दाब कमी करा म्हटल्यावर थेरपिस्टने तो लगेच कमी करायला हवा. ‘थोडं सहन करा, त्याशिवाय गुण येत नाही’ हे उत्तर चालणार नाही. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकणं ठीक आहे. अंगावर काळे-निळे डाग उठणं हे चांगल्या मसाजचं लक्षण नाही. फार आडदांड मसाजनंतर स्नायूंचे तंतू विरघळून मूत्रपिंडांवर ताण आल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण मसाजनंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

आणि संमतीचं. कोणता भाग उघडा ठेवायचा, कुठे हात लागणार, हे आधी विचारलं गेलं पाहिजे. मांडीच्या आतल्या बाजूला, नितंबाला, छातीजवळ काम करायचं असेल तर का ते सांगून, होकार घेऊन. जिथे काम चालू नाही तो सगळा भाग चादरीने झाकलेला असावा. अवघडल्यासारखं वाटलं तर मध्येच उठून जायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण देण्याचीही गरज नाही.

बोलण्यावरूनही माणूस कळतो. मसाजने शरीरातली ‘विषद्रव्यं’ बाहेर पडतात असं कुणी म्हणालं, तर कोणती विषद्रव्यं ते विचारून बघा. ‘तुमचं कंबरेचं हाड सरकलंय, ते मी बसवतो’ हे वाक्य भीती घालण्यापलीकडे फारसं काही करत नाही. ज्या माणसाला सांगितलं जातं की तुझं शरीर मोडकं आहे, तो हालचाल टाळतो, आणि जुन्या दुखापतीला न हलणं हेच सगळ्यात जास्त बाधतं. ‘डॉक्टरांची औषधं बंद करा’ असं सांगणाऱ्याकडे तर पुन्हा जाऊच नये.

किती दिवस जायचं

तीन ते चार बैठका हा माझा अंदाजपंचे ठोकताळा, आठवड्याला एक या हिशेबाने. तेवढ्यात काहीतरी बदलायला हवं. दुखणं पूर्ण जाईल असं नाही, पण जिना चढणं, चपळ चालणं, पंधरा मिनिटं पळणं यातलं एखादं तरी सोपं व्हावं. म्हणून सुरू करण्याआधीच घरी दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात : सध्या कोणती हालचाल जमत नाही, आणि ती करताना दहापैकी किती दुखतं. बैठकीनंतरच्या संध्याकाळचं सुख मोजू नये, ते जवळपास प्रत्येक मसाजला मिळतं. तीन-चार दिवसांनी काय राहतं ते मोजावं.

दर वेळी दोन दिवस बरं वाटतं आणि मग जसंच्या तसं, हे चक्र चालू असेल तर बहुधा ताकदीचा भाग राहून जातोय. अशा वेळी थेरपिस्ट बदलण्याआधी त्याला विचारावं, ‘घरी कोणते व्यायाम करू? भार कधी आणि कसा वाढवू?’ त्याच्याकडे उत्तर नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जाऊन व्यायामयोजना घ्यावी आणि मसाज तिच्या जोडीला ठेवावा. हे दोघं एकमेकांशी बोलायला तयार असतील तर फारच उत्तम.

काहीच फरक नसेल, किंवा दुखणं पसरायला लागलं असेल, बोटांपर्यंत मुंग्या यायला लागल्या असतील, तर बैठका थांबवून पुन्हा तपासणी करून घ्यावी. जाताना थेरपिस्टकडून त्याच्या नोंदींची प्रत मागावी. पहिल्या दिवशी काय आढळलं, कुठे काम केलं, मोजमापं कशी बदलली, एवढं एका कागदावर मावतं. डॉक्टरलाही ते कामाला येतं, कारण काय करून गुण आला नाही हे कळलं की पुढचा शोध तिथून सुरू करता येतो.